मिटलेल्या डोळ्यांचा नवरदेव

अहो, आपलं भांडण अर्धवट टाकून गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

वीस वर्षं मुरलेलं भांडण होतं ते. शेजारणींना पाठ झालेलं. मी म्हणायचे, "लग्नात हार घालताना तुमी मला बघितलंच न्हाई." तुम्ही म्हणायचात, "बघितलो की." मी म्हणायचे, "मग खूण सांगा." तुम्ही हातातली पक्कड खाली ठेवून मिशीत हसायचात. "खूण कामून सांगू? मी काय पोलिसात जबानी द्यायलोय?" मग चहा व्हायचा आणि भांडण पुढच्या वेळेसाठी जपून ठेवलं जायचं. आता बोलायची पाळी तुमची आहे आणि तुम्ही नाही. एकटीने भांडण्यात मजा नाही, पण सवय जात नाही, म्हणून ही वही काढून बसले आहे. मागच्या पानांवर तिसरीच्या मुलांचं शुद्धलेखन आहे. तिकडे लक्ष देऊ नका.

तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. लोक येतात, बसतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. परवा एक जण म्हणाला, "मिस्तरी कधी कुणावर आवाज चढविले न्हाईत." मी तोंडाला पदर लावला. त्यांना वाटलं मी रडते आहे. मला तुमच्या वेल्डिंग मशीनची वायर उंदराने कुरतडली तो दिवस आठवला होता. त्या दिवशी तुमचा आवाज भालकीच्या स्टँडवर ऐकू गेला होता.

रडले मी, नाही असं नाही. पण रडायला बसलं की आपलं लग्न आठवतं, आणि मग हसूच येतं. त्याला मी काय करू?

आपण एकमेकांना न बघता लग्न केलं. आमच्या गावाकडून, म्हणजे कमलनगरच्या अंगाने, माझे अप्पा नांगराचा मोडलेला फाळ घेऊन तुमच्या दुकानात आले होते. घरी येऊन आईला म्हणाले, "पोरीसाठी पोरगा बघून आलो." आईने विचारलं, "कसा हाय दिसायला?" अप्पा म्हणाले, "तोंड न्हाई बघितलो. काळ्या काचंमागं हुतं. पर जोड लई सरळ मारतो." एवढ्यावर माझं लग्न ठरलं. तुमच्याकडून मला बघायला तुमची अक्का आली होती. ती तुम्हाला जाऊन म्हणाली, "सावळी हाय, मास्तरीण हाय, हट्टी दिसती." तुम्हाला त्यातलं काय आवडलं ते तुम्ही कधीच सांगितलं नाही.

तेव्हा मैसूर राज्य होतं. आपल्या लोकांनी धम्म घेऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि पांढऱ्या साडीतली नवरी गावात अजून नवलाची होती. बायका म्हणायच्या, "पांढऱ्यात कसली नवरी, गं?" माझ्या मनाने घेतलं, साडी अशी पांढरी करायची की बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत. आईला हात लावू दिला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी मी स्वतः साडी धुतली, स्वतः निळीच्या पाण्यातून काढली. आणि निळीची एक गुठळी विरघळायची राहिली. वाळल्यावर बघते तर पदराच्या आतल्या बाजूला जांभळाएवढा निळा डाग. मी कुणाला सांगितलं नाही. एवढी ऐट केल्यावर कोणत्या तोंडाने सांगणार? पदराची घडी अशी घातली की डाग आत राहील.

तिकडे तुम्ही माझ्यापेक्षा मोठा उद्योग करून ठेवला होता.

हे मला अक्काने नंतर सांगितलं. धम्म घेतला तरी हळद कुणी सोडली नव्हती. तुम्ही हळद लावून बसला होता आणि वऱ्हाडाच्या जीपचा पाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, ज्या पट्टीवर बसतो ती पट्टीच तुटली. भालकीत वेल्डिंग करणारे तुम्ही एकटेच. नवरदेव उठला, हळदीच्या अंगाने जीपखाली शिरला. हातात धरायची काळ्या काचेची ढाल तुम्ही उचलली, तशी अक्का ओरडली, "हळदीच्या तोंडाम्होरं काळं धरू नगंस! अपशकुन हुतो!" अक्काचा शब्द तुम्ही कधी मोडला नाहीत. ढाल बाजूला ठेवली. "दहा-बारा टाके तर हायत," म्हणालात, "डोळे मिटून मारतो." ठिणगी पडायच्या आत डोळे मिटायचे, रॉड उचलला की उघडायचे. पण ठिणगी काय नवरदेव आहे म्हणून थांबते?

पट्टी पक्की बसली. ती जीप पुढे दहा वर्षं पळाली. तुम्हाला मात्र पहाटे जाग आली ती डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखी. पापणी उघडली की सुया. पाण्याच्या धारा. अक्काने बटाट्याच्या चकत्या बांधल्या, शेजारच्या बाळंतिणीकडून वाटीत दूध आणून डोळ्यांत पिळलं, काकडी ठेवली. लग्नाच्या स्वयंपाकातली निम्मी भाजी तुमच्या डोळ्यांवर गेली असं ती सांगायची. आणि त्याच जीपमध्ये, तोंडावर ओला पंचा टाकून, नवरदेव आमच्या गावाला निघाला.

चैत्रातलं बारा वाजताचं ऊन. मांडवावर पांढरं कापड. तुमचे कपडे पांढरे, माझी साडी पांढरी, आणि तीही मी इतक्या कष्टाने चमकवलेली. ज्याला साधा उजेड सोसत नव्हता त्याला आम्ही असल्या झगमगाटात आणून उभं केलं. तुमच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्रिशरण-पंचशील चालू झालं तरी थांबेना. बायका कुजबुजायला लागल्या, "अगं, नवरीच्या अगुदर नवरदेवच रडायलाय!" कुणी म्हणालं, "मनाविरुद्ध लगीन लावायलेत वाटतं." आणि मग माझे मामा पुढे आले. त्यांनी तुमच्या तोंडासमोर हात हलवून बघितला आणि अप्पांना म्हणाले, "दाजी, पोरगा आंधळा हाय. लगीन थांबवा."

सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळल्या. आंधळा असला तर काय, हा विचार पुढचा. आधीचा विचार हा की सगळ्या गावासमोर लग्न मोडणार. मी मान वर न करता हळूच विचारलं, "दिसायलंय का तुमाला?" मी तुमच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. तुम्ही तेवढ्याच हळू आवाजात म्हणालात, "समदं दिसायलंय."

आणि हार मामांच्या गळ्यात घातलात.

आजही लिहिताना हात थांबला. मामांचं ते तोंड! झेंडूचा एवढा मोठा हार घालून उभे, मिशा हाराच्या वर. आधी कोण हसलं ठाऊक नाही, बहुतेक अप्पाच. मग सगळा मांडव हसला. जीपचा डायव्हर पुढे येऊन ओरडला, "आंधळा न्हाई ओ! रातच्याला माझी जीप जोडलाय, त्याचं डोळे आलेत!" अक्काने कपाळावर हात मारून हळदीची गोष्ट सांगितली. मामांनी हार काढून तुमच्या हातात दिला आणि म्हणाले, "घे बाबा. ह्या वख्ताला नीट बघून घाल."

दुसऱ्या वेळी मीही माझा हार उचलला. दोन्ही हात वर गेले, पदराची घडी सुटली आणि निळा डाग बाहेर आला. माझा जीव डागात अडकला. तेवढ्यात तुमचा हार अलगद, अगदी मापात, माझ्या गळ्यात पडला. मी वर बघितलं तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते. मी माझा हार तुमच्या गळ्यात घातला, हात खाली घेतले, पदर दुमडला. कुणाला काही दिसलं नाही.

म्हणून आपलं भांडण. मी म्हणते अक्काने तुमचा कोपर धरून हार घालायला लावला. तुम्ही म्हणता बघून घातला. गावात फोटो काढणारा नव्हता. त्या संध्याकाळी मी डागावर लिंबू चोळलं, डाग गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तुमचे डोळे नीट उघडले तेव्हा मी जोंधळे पाखडत बसले होते, डोक्याला फडकं, नाकाला कोंडा. तुम्ही खाटेवरून म्हणालात, "अक्का लबाड बोलली. एवढी काय सावळी न्हाईस." मला आनंद झाला आणि रागही आला. सगळं गाव मला नवरी म्हणून बघून गेलं आणि ज्याने बघायचं त्याने कोंड्यात बघितलं. मला बघितलं का नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. खूण माझ्याजवळ होती. निळा डाग म्हणालात की मी हरले. पण तुम्ही कधी म्हणालाच नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी तुम्हाला ओढत बीदरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांनी तुमच्या पापण्या उलटून बघितल्या आणि आपल्या दखनीत म्हणाले, "मिस्तरी, उस चिंगारी में एक उजाला ऐसा रहता, जो दिखताच नै. मगर जलाता. सूरज में भी वहीच है, पन सूरज दूर है. तुम तो सूरज को हात में पकड के बैठते." मग त्यांनी मला, मास्तरीण म्हणून, नीट समजावलं. त्या किरणांना अतिनील म्हणतात. उन्हात कातडी भाजते ती त्यांच्यामुळेच. डोळ्याच्या वरचा पातळ पडदाही तसाच भाजतो. लागतं त्या वेळी काही कळत नाही, पाच-सहा तासांनी कळतं. दोन-तीन दिवसांत पडदा भरून येतो, पण हे पुन्हापुन्हा होऊ देऊ नका, म्हणाले. आणि डोळ्यांत दूध-बिध पिळू नका, बटाटा खायला ठेवा.

तिथून माझी मास्तरकी तुमच्यावर चालू झाली. ढालीशिवाय टाका मारलात तर जेवण नाही. सदऱ्याची वरची गुंडी लावल्याशिवाय दुकानात जायचं नाही, कारण गळ्याखाली कातडीचा तिकोन भाजून काळा पडला होता, सालपटं निघत होती. तुम्ही म्हणायचात, "गुदमरायलंय." मी म्हणायचे, "गुदमरा."

मग माझ्या वर्गात लाल डोळ्यांची पोरं यायला लागली. शाळा दुकानाच्या समोरच, मधल्या सुट्टीत सगळी पोरं रस्त्यावर उभी राहून ठिणग्या बघायची. एके दिवशी मी पोत्यांचा पडदा शिवून आणला आणि दुकानासमोर टांगला. तुम्ही चिडलात. "गिऱ्हाइकाला दुकान दिसायचं कसं? लोकं म्हणतील मिस्तरी आत आंघोळ करायलाय!" दोन दिवस तुम्ही पडदा गुंडाळून ठेवलात, दोन दिवस मी शाळा सुटल्यावर सोडत गेले. तिसऱ्या दिवशी एका पोराची आजी त्याला हाताला धरून दुकानात घेऊन आली. पोराला डोळे उघडता येत नव्हते. तुम्ही त्याच्यासमोर उकिडवे बसलात. तुम्हाला त्या सुया ठाऊक होत्या. त्या दुपारी तुम्ही काम बंद केलंत आणि पोत्याच्या जागी पत्र्याचं दारच बसवलंत. मी त्यावर खडूने लिहिलं, "ठिणगीकडे बघू नये." दुसऱ्या दिवशी खाली तुमच्या वेड्यावाकड्या अक्षरात ओळ होती, "मिस्तरीकडे बघावे." हेडमास्तर मला आठवडाभर त्यावरून चिडवत होते.

आणि मग मी चुकले. हे कबूल करायला मला किती जड जायचं ते तुम्हाला माहीत आहे. सुजाता झाली, आणि मला त्या न दिसणाऱ्या किरणांचं इतकं भय बसलं की मी पोरीला उन्हात काढलंच नाही. दाराला पडदे, अंगावर दुपटं, टोपडं डोळ्यांपर्यंत. दीड वर्षाची झाली तरी धड उभी राहीना. राहिली तर पाय धनुकलीसारखे वाकलेले. पुन्हा बीदर, पुन्हा तेच साहेब. ते म्हणाले, "मुडदूस है. इस को धूप दिखाव बाई, सबेरे की धूप. उसीच उजाले से हड्डी पक्की होती." मी म्हटलं, "साहेब, तुम्हीच म्हणाला होतात, तो उजेड जाळतो." ते हसले. "जलाता भी वहीच, पालता भी वहीच."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. तुम्ही चार वर्षांचा सूड घ्याल असं वाटलं होतं. तुम्ही पोरीचं टोपडं काढलंत, खिडकीतून येणाऱ्या उन्हात तिचे पाय धरलेत आणि म्हणालात, "उजेड काय वैरी न्हाई, मास्तरीण. किती जवळ जायचं, एवढंच कळलं पायजे." नंतर रोज सकाळी तुम्ही तिला तेल चोळून, खांद्यावर बसवून तळ्यापर्यंत न्यायचात. दूध, अंडी, साहेबांची औषधं, सगळं तुम्ही वेळेवर दिलंत. वर्ष-दीड वर्षात पाय सरळ झाले. आता ती बीदरला नर्सिंग शिकते आणि एवढी भराभर चालते की मला तिच्या मागे पळावं लागतं. हे तुम्ही केलंत. मी तुम्हाला कधी तोंडाने म्हटलं नाही, आता म्हणते.

सूड तुम्ही बसमध्ये घेतला नाहीत, नंतर हप्त्याहप्त्याने घेतलात. मी गुंडी लावा म्हटलं की तुमचं ठरलेलं होतं, "व्हय बाई, लावतो. न्हाई तर मला बी दुपटं घालशील."

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी आले होते, अंगणात माणूस मावत नव्हतं. अक्का काठी टेकत आली, तुमच्या फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता काळं धर रे बाबा, कुणी काय म्हणणार न्हाई." मग रडली. मी तिला धरून बसवलं.

त्या कार्यक्रमासाठी आदल्या दिवशी मी माझी पांढरी साडी धुतली. सुजाता म्हणत होती, "मी धुते, माय." मी ऐकलं नाही. मन ठिकाणावर नव्हतं. सगळे गेल्यावर मी फोटोचा हार नीट करायला दोन्ही हात वर केले, तशी सुजाता मागून म्हणाली, "माय, पदराला निळीचा डाग पडलाय बग." आणि मग हसून म्हणाली, "लग्नातल्यावानीच."

मी हार तसाच धरून उभी राहिले. मी विचारलं, "तुला कोण सांगितलं?"

"बाबा," ती म्हणाली. "तळ्यावर नेत हुते ना, तवापासून सांगायचे. जांभळाएवढा हुता, हार घालायला तू हात वर केलीस तवा दिसला. डोळ्यात सुयाच सुया हुत्या, पर मामा म्हणले नीट बघून घाल, म्हणून उघडलो म्हणायचे. एकदाच. तू डागाकडं बगायलीस आन तुझं तोंड रडकुंडीला आलतं म्हणे."

"मग मला कामून सांगितले न्हाईत?"

"मी बी इचारले. म्हणले, सांगितलो तर तुझी माय भांडंल कशावर?"

मी खाली बसले. आधी रडू आलं, मग हसू, मग दोन्ही एकदम. वीस वर्षं, अहो! वीस वर्षं खिशात खूण घेऊन फिरलात आणि मी तुम्हाला लबाड म्हणत राहिले. त्या सुयांमधून, त्या उन्हात, त्या चमकवलेल्या साडीसमोर तुम्ही डोळे उघडलेत. मला बघायला.

हरले मी. कबूल. लिहून देते.

सुजाताने आतून लिंबू चिरून आणलं, डागाला लावायला. मी तिच्या हातातून घेतलं, साखर-मीठ घालून सरबत केलं आणि आम्ही दोघी ते तुमच्यासमोर बसून प्यायलो.